डेअरीवर भांडण्याआधी कास तपासा



आपल्या या अंकात ऊस, खोडवा, पाचट, ठिबक यांवर दर वेळी कुणी ना कुणी जाणता लिहितो. ते हवेच. पण आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात उभा असतो, त्याचे पैसे हप्त्याने येतात आणि तोवर घर चालते ते गाईच्या कासेवर. किराणा, मुलांची फी, दवाखाना, मोटारीचे लाइट बिल हे सगळे दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून भागते. बारामती-इंदापुरात आज ऊसवाल्याच्या दारात गाय नाही असे घर शोधावे लागेल. म्हणून ऊस सोडून दोन शब्द दुधावर लिहितो, ते संपादक मंडळाने गोड मानून घ्यावेत.

विषय डेअरीवरच्या भांडणाचा आहे. आमच्या भावकीत एक वहिनी आहेत. नवरा वारला, पदरात दोन मुले, दीड एकर ऊस आणि दोन संकरित गाई. दोन वर्षांमागे त्यांच्या दुधाला एसएनएफ कमी लागू लागला. ८.५ चा ८.२ झाला, मग ८.०, मग ७.९. आधी दर कापला, नंतर तीन दिवस दूध परत पाठवले. गावात बोलणे सुरू झाले की बाईने पाणी घातले. केंद्रावर चार माणसे बसली होती, त्यांत मीही होतो. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, देवाशपथ, एक थेंब घातला नाही.” मी मान खाली घालून बसलो. तोंडाने काही बोललो नाही, पण मनातून मलाही वाटत होते की मशीन कशाला खोटे बोलेल.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या कबरीचा एसएनएफ तसाच उतरला. तिसऱ्या वेताची गाय. खाणे-पिणे ठीक, ताप नाही, कास मऊ, दुधात गाठ नाही. मी केंद्रावर जाऊन मशीनवाल्या पोराशी वाजवून भांडलो. त्याने निमूटपणे दुसऱ्या गाईचे दूध मशीनला लावून दाखवले, ते बरोबर आले. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी पिशवीतून चार वाट्यांचे प्लॅस्टिकचे पसरट भांडे काढले. चारही सडांच्या दोन-दोन पिळी चार वाट्यांत घेतल्या, तेवढेच जांभळट औषध ओतले आणि भांडे गोल फिरवले. दोन वाट्यांतले दूध पातळच राहिले, दोन वाट्यांत अंड्याच्या बलकासारखा चिकट गोळा झाला. “दगडी आहे,” डॉक्टर म्हणाले, “पण छुपी.” मला त्या क्षणी कबरीपेक्षा वहिनींची आठवण आधी झाली.

दगडी म्हणजे काय हे आपल्याला शिकवायला नको. कास दगडासारखी टणक होते, गाय हात लावू देत नाही, दुधात गाठी, पाणी नाहीतर रक्त येते. ती दिसली की आपण धावपळ करतो. पण ही उघडी दगडी ज्या गोठ्यात एका गाईला होते, त्या गोठ्यात छुप्या दगडीच्या गाई त्याहून कितीतरी जास्त असतात. त्या आजारात डोळ्यांना काहीच दिसत नाही. जंतू सडाच्या भोकातून आत गेलेले असतात, कासेतल्या दूध करणाऱ्या पेशी ते नासवीत असतात आणि त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी कासेत उतरतात. निरोगी गाईच्या दुधात मिलिलिटरला साधारण एक लाखाच्या आत पेशी असतात. दोन लाखांवर गेल्या की कासेत काहीतरी बिघडले आहे असे जगभर धरतात. युरोपात ४ लाखांवर पेशी असलेले कच्चे दूध चालत नाही, अमेरिकेत ही मर्यादा साडेसात लाखांची आहे. आपल्याकडे गावच्या केंद्रावर दूध घेताना बहुतेक ठिकाणी फॅट आणि एसएनएफच बघतात. पेशी मोजायची सोय नाही, त्यामुळे आजार दिसतो तो आडवाटेने, पावतीवरच्या कमी एसएनएफमधून.

ते कसे, हे नीट समजून घ्यावे, कारण सगळ्या भांडणाचे मूळ इथेच आहे. कास दुखावली की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, कमी तयार होते. केसीन हे मुख्य प्रथिनही घटते. त्यांच्या जागी रक्तातले मीठ दुधात झिरपते, म्हणून असे दूध चाखले तर किंचित खारट लागते आणि कधी तापवताना फुटते. साखर आणि केसीन हाच एसएनएफचा मोठा भाग. तो घटला की मशीनवर आकडा पडतो आणि माणसाला वाटते पाणी घातले. आता पाण्याचा हिशेब बघा. ४.० फॅट आणि ८.५ एसएनएफच्या नऊ लिटर दुधात एक लिटर पाणी घातले तर फॅट ३.६ वर येईल आणि एसएनएफ ७.६५ वर. पाणी दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली ओढते. वहिनींच्या पावत्या मी नंतर मागून घेतल्या. फॅट शेवटपर्यंत ३.९ ते ४.० च्या घरात होती, एसएनएफ तेवढा घसरला होता. चार शहाणी माणसे बसलो होतो, एकानेही दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मोठ्या प्रकल्पात दुधाचा गोठणबिंदू पाहतात. पाणी घातले की तो लगेच हलतो, आजारी कासेच्या दुधात तो जवळपास जागेवरच राहतो. गावात ते यंत्र नसले तरी पावती प्रत्येकाच्या हातात असते.

दर एसएनएफ कमी लागला म्हणजे दगडीच, असेही कुणी समजू नये. आपल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्या तापात होल्स्टीन गाय खाणे सोडते आणि फॅट-एसएनएफ दोन्ही उतरतात. खुराकात प्रथिन कमी पडले तरी एसएनएफ उतरतो. वैरणीत तंतू कमी आणि खुराक जास्त झाला तर फॅट पडते. मशीन वेळेवर तपासून घेतलेले नसेल तर तेही चुकते, आणि ते तपासून घ्यायला सांगण्याचा दूध घालणाऱ्याला पूर्ण हक्क आहे. पण कारण कळल्याशिवाय आळ घेऊ नये एवढेच माझे म्हणणे.

हा आजार आपल्या भागात एवढा का, याचा विचार करताना थोडे मागे जावे लागते. हा मुलूख मूळचा खिलार जनावरांचा. बैल देखणा, गाय मात्र वासराला पाजून घरापुरते दूध देणारी. १९६७ साली उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी ‘बायफ’ उभी केली आणि गोठवलेल्या रेतनाने संकरित गाय गावोगाव नेली. बारामतीत १९७१ साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट निघाला, त्यांनीही शेतकऱ्याच्या दारात ही गाय आणायला हातभार लावला. होल्स्टीन आणि जर्सी आली, दूध चौपट-पाचपट झाले. मात्र गाय बदलली तसा आपला गोठा बदलला नाही. खिलार गाईची कास लहान आणि आटोपशीर, तर संकरित गाईची कास मोठी, लोंबती, खाली बसली की शेणात टेकणारी. जुन्या गोठ्यात जे खपून जायचे ते हिला बाधते. त्यात आपण कॅनॉलच्या पाण्याची माणसे. नीरेच्या कॅनॉलखालची काळी, चिबड जमीन, पावसाळ्यात गोठ्यासमोर राडा आणि गव्हाणीजवळ सदाची ओल. सिमेंटचा कोबा केला म्हणून आपण निर्धास्त होतो, पण कोब्याला उतार नसेल तर मूत तिथेच थांबते आणि गाय त्यातच बसते. काहीजण कारखान्याचे बगॅस किंवा ओले पाचट अंथरतात. कोरडे असेतो ठीक, ओले झाले की तेच जंतूंचे खाद्य. खाली कोरडी माती किंवा वाळू बरी. मुक्त गोठ्याचा फायदाही हाच की गाय आपल्या पायाने कोरडी जागा शोधून बसते.

आता उसाच्या वाढ्यांबद्दल. हा विषय आपल्याच कारखान्याच्या हंगामाशी बांधलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने. तोड सुरू झाली की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही गटात जा, टोळीवाल्यांकडून वाढ्यांच्या पेंढ्या शेकड्याने घेऊन आपण गव्हाणी भरतो. चार-पाच महिने दुसरी वैरण डोळ्यांना दिसत नाही. वाढे हिरवे दिसते, गाय आवडीने खाते, पोटही भरते. पण त्यात प्रथिने पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतात आणि ऑक्झलेट भरपूर असते. हे ऑक्झलेट चाऱ्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून टाकते. दूध देणाऱ्या गाईला कॅल्शियम सर्वांत जास्त लागते आणि नेमके तेच आपण तिच्या पोटात अडकवून ठेवतो. कॅल्शियम कमी पडले की स्नायू सैल होतात. सडाच्या टोकाशी जो गोल स्नायू भोक आवळून धरतो, तोही सैल होतो, मग जंतूंना दार उघडेच. विताना ज्या गाईला दुधाचा ताप येतो, तिला पुढे दगडी होण्याचा संभव जास्त असतो, त्याचे एक कारण हेच. म्हणजे हंगामात एसएनएफ दोन्ही बाजूंनी मार खातो, प्रथिन कमी म्हणून आणि कास दुबळी म्हणून.

वाढे घालूच नका असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी कोण ऐकणार? पण नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नये. कुट्टी करावी, तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, निम्म्याच्या आसपास मका, कडवळ किंवा लसूणघास मिसळावा आणि रोज खनिज मिश्रण द्यावे. तांबे, जस्त, सेलेनियम ही द्रव्ये कासेला जंतूंशी झुंजायला बळ देतात. दीड गुंठा लसूणघास कॅनॉलच्या कडेला कुणालाही करता येतो. दहा एकर ऊस करणारा माणूस लसूणघासाला जागा नाही म्हणतो तेव्हा मला हसू येते.

धार काढण्याच्या बाबतीत मला थोडे कडक बोलायचे आहे. आपण पुरुष मंडळी शिबिराला टोपी घालून जातो, चहा पितो, माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवतो. धार काढते कोण? बहुतेक घरात घरची बाई, नाहीतर गडी. त्यांना शिबिराला कुणी बोलावले? शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात दुग्धव्यवसायाची प्रशिक्षणे होतात, तिथे पुढच्या वेळी धार काढणाऱ्या हातांना पाठवावे. आमच्या सुनेने जे एका दिवसात शिकून घेतले ते मला तीस वर्षांत सुचले नव्हते.

तिने पहिल्यांदा आमची अंगठा मुडपून धार काढायची सवय मोडली. अंगठ्याच्या पेराने सड दाबला जातो आणि आतला नाजूक पडदा चिरडतो. पूर्ण मुठीने धार काढावी. दुसरे, सड धुतल्यावर कोरडे करायचे आणि एका गाईचे फडके दुसरीला लावायचे नाही. पूर्वी आम्ही एका बादलीत एकच फडके बुडवून चारही गाई पुसायचो, म्हणजे रोग आपल्याच हाताने वाटत होतो. तिसरे, पहिल्या दोन-तीन पिळी जमिनीवर न सोडता काळ्या ताटलीत घ्यायच्या, काळ्यावर गाठ चटकन दिसते. गाय पान्हावली की पाच-सात मिनिटांत धार उरकायची, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच असतो. धार संपली की चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जिला पैसा लागत नाही, ती म्हणजे वैरण धारेनंतर टाकायची. धार काढल्यावर सडाचे भोक अर्धा-पाऊण तास उघडे असते. समोर वैरण असेल तर गाय तेवढा वेळ उभी राहते. आपण मात्र धार काढताना आंबोण देऊन गप्प करतो आणि नंतर ती खुशाल शेणात बसते.

सड बुडवण्याची ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेने १९६० च्या दशकात पाच कलमी कार्यक्रम तयार केला: धारेनंतर सड बुडवणे, आटवताना प्रत्येक सडात औषध सोडणे, उघड्या दगडीवर ताबडतोब उपचार, यंत्राची निगा आणि वारंवार आजारी पडणारी गाय कळपातून काढणे. नवा आजार त्याने निम्म्याहून कमी झाला. साठ वर्षे होत आली, आपल्या गोठ्यात अजून पहिले कलम पोचले नाही.

यंत्राने धार काढणाऱ्यांना एक हिशेब सांगतो. सडाला लावायचे रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलावे लागतात. दहा गाई, दोन वेळा, म्हणजे रोज वीस धारा. सव्वाशे दिवसांत लायनर संपला. तुमचा कधी बदलला होता? आमच्या शेजारी एकाने यंत्र घेतले त्या दिवसापासून तेच रबर आहे, चिरा पडल्यात, आणि तो म्हणतो गाई खराब मिळाल्या.

तपासणीचे औषध आणि चार वाट्यांचे भांडे, ज्याला कॅलिफोर्निया चाचणी म्हणतात, ते १९५७ साली अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर यांनी काढले. जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते. ते नसेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर विरघळवून तेवढेच दूध त्यात मिसळून फिरवले तरी अंदाज येतो, दूध घट्ट चिकट झाले तर कासेत खोट समजावी. नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक आणि आटत आलेल्या गाईचे दूध मात्र या तपासणीला घेऊ नये, ते उगाच घट्ट होते. महिन्यातून एकदा, प्रत्येक सड वेगळा. चार गाईंना पंधरा मिनिटे लागतात.

एका गाईने सगळ्यांचे कसे बिघडते तेही बघा. दहा गाईंपैकी नवांच्या दुधात लाखभर पेशी आहेत आणि एका छुप्या दगडीच्या गाईत चाळीस लाख. सगळ्यांचे दूध सारखे धरले तर मिसळलेल्या दुधात चार लाख नव्वद हजार होतात. म्हणजे नऊ निरोगी गाईंचे दूधही युरोपाच्या मापात नापास. आपले कॅन गावच्या शीतकरण टाकीत एकत्र होतात, तिथेही हेच घडते. अशा दुधाचे पनीर आणि चीज कमी पडते, बाजारात मार खातो तो शेवटी दर.

औषधाच्या बाबतीत आपण फार चुकतो. डॉक्टर तीन किंवा पाच दिवसांच्या ट्यूब सांगतात, दुसऱ्या दिवशी गाठी दिसेनाशा झाल्या की आपण थांबतो. जंतू अर्धमेला राहतो आणि पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाही. दुसरी चूक त्याहून मोठी, औषध चालू असतानाचे दूध डेअरीला घालणे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने घेतले होते. आरोग्याला घातक भेसळ फक्त १२ नमुन्यांत सापडली, पण प्रतिजैविकाचा अंश मर्यादेबाहेर असलेले नमुने ७७ होते. भेसळीची बातमी पहिल्या पानावर येते, आपल्या ट्यूबचा हिशेब कुणी विचारत नाही. ते दूध आपलीच नातवंडे पितात. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते दूध बाजूला काढावे, दहा दिवसांच्या पगारात थोडा खड्डा पडेल तो सोसावा. गाय आटवताना, विण्याआधी साधारण दोन महिने, डॉक्टरांकडून प्रत्येक सडात आटवण्याचे औषध सोडून घेतले तर पुढच्या वेतातला बराच खर्च वाचतो.

गावठी उपायांची पुष्कळजण चौकशी करतात. कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून, थोडा भाग पाण्यात पातळ करून, कास धुवून दिवसातून आठ-दहा वेळा पाच दिवस लावायचा, हा लेप आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसारात घेतला आहे. सुरुवातीच्या दगडीत आमच्याकडे गुण आला. पण गाईला ताप असेल, तिने खाणे टाकले असेल, तर लेपावर विसंबू नये, डॉक्टरांना फोन करावा.

आता कारखान्याकडे मागणे. ऊसविकास विभाग माती तपासून देतो, बेणे देतो, तसे दूधवाल्या सभासदांसाठीही काही करता येईल. गटवार एक पशुवैद्यक नेमून महिन्यातून एक दिवस गावात तपासणी ठेवावी, चाचणीची भांडी आणि औषध कार्यालयातून ना नफा दरात मिळावे. सड बुडवण्याचे द्रावण खतासारखे उधारीवर देऊन बिलातून कापून घ्यावे. आणि गावच्या दूध केंद्रांनी एवढा नियम करावा की एसएनएफ पडला तर दूध परत करण्याआधी त्या घरच्या गाईंची चारही सडे तपासायची आणि पावतीवरचे फॅट-एसएनएफ शेजारी ठेवून बघायचे. हा ठराव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडणार आहे, अनुमोदन द्यायला दोन सभासद पुढे यावेत.

वहिनींच्या दोन्ही गाईंची तपासणी आम्ही उशिरा का होईना करून घेतली. एकीचे तीन सड बाधलेले निघाले. एक सड कायमचा गेला, दोन सुधारले. त्या आता पुन्हा दूध घालतात, एसएनएफ ८.४ च्या पुढे लागतो. केंद्रावर ज्या चौघांनी त्या दिवशी बसून निवाडा केला, त्यांतले तिघे त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल करून आले. चौथा अजून गेलेला नाही. तोही सभासद आहे आणि हा अंक त्याच्याही घरी जातो.

— एक सभासद, तालुका इंदापूर